गाडीवाचून कास्तेलो ब्रांको

वहिनी,

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असा सेक्रेटरींचा फोन आला होता. "जन्मगाव, शिक्षण, नोकरी हे आम्ही निखिलकडून घेतो," ते म्हणाले. "तुम्ही पोर्तुगालचं लिहा. अडुसष्टाव्या वर्षी शैलाताई टूर न घेता, गाडी न घेता, कुणाला नावही माहीत नसलेल्या गावी जाऊन आल्या. वाचून लोकांना हुरूप येईल." मी हो म्हटलं. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा 'गाडी न घेता' या शब्दांपाशी अडले. गाडी का नव्हती, ते सांगितल्याशिवाय पुढचं काही खरं वाटत नाही. आणि ते मंडळाच्या अंकात छापण्यासारखं नाही. म्हणून तुला लिहिते आहे. तू गेलीस त्याला सहा आठवडे झाले.

मी या देशात आले तेव्हा हीथ्रोवर मला घ्यायला तू एकटीच आली होतीस. दादाची हॉस्पिटलात ड्यूटी होती. पातळावर करड्या रंगाचा कार्डिगन, पायात बूट, हातात किल्ल्या. मी एकतीस वर्षांची, आई गेल्यावर पुण्यात कुणी उरलं नव्हतं म्हणून तुमच्याकडे आलेली. मी मुकाट्याने मागच्या सीटवर जाऊन बसले. तू आरशातून बघत म्हणालीस, "कुंदा, पुढे बस. मी टॅक्सी चालवत नाहीये." तेव्हापासून तीस वर्षं मी तुझ्या डाव्या हाताला बसत आले. लायब्ररीतल्या नोकरीच्या मुलाखतीला तू सोडलंस, मला पहिला फ्लॅट मिळाला तेव्हा माझी गादी गाडीच्या टपावर बांधून तू नेलीस. दादा गेला त्या दिवशीही हॉस्पिटलमधून घरी येताना गाडी तूच चालवत होतीस. रस्ताभर प्रत्येक वळणावर इंडिकेटर दिलास. मला वाटायचं, तुझं अर्धं धैर्य त्या स्टीअरिंगमध्ये आहे.

मी स्वतः कधी शिकले नाही. शिकायची वेळच तू येऊ दिली नाहीस.

आता, गाडी का नव्हती ते. दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत मंडळाच्या हळदीकुंकवाहून आपण परत येत होतो. मांडीवर तिळगुळाचा डबा घेऊन मी माझ्या नेहमीच्या जागी बसले होते. ट्राम स्टॉपच्या अलीकडे जे झेब्रा क्रॉसिंग आहे तिथे एक मुलगी बाळाची पुशचेअर घेऊन रस्ता ओलांडायला लागली. माझ्या बाजूने. ती पट्ट्यांवर आली, दोन पावलं पुढे आली, तरी तू गाडी हळू केली नाहीस. मी ओरडले. तू ब्रेक दाबलास. गाडी थांबली तेव्हा पुशचेअरची चाकं आणि आपलं बॉनेट यांत हातभर अंतर असेल. त्या मुलीने आपल्याकडे बघितलं. आणि तू म्हणालीस, "ही कुठून आली?"

ते तू खरंच विचारत होतीस. म्हणूनच मला भीती वाटली.

तुझ्या फ्रिजच्या दारात लसणीच्या चटणीशेजारी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली असायची. काचबिंदू आहे, हे तूच मला सांगितलं होतंस. डावा डोळा जास्त गेलाय हेही. तपासणाऱ्यांनी लायसन्सच्या ऑफिसला कळवायला सांगितलं होतं. "कळवलंय," असं तू म्हणाली होतीस. त्या दिवशी घरी पोचल्यावर मी विचारलं, "तुला ती दिसली नव्हती ना?"

"ऊन डोळ्यावर आलं."

ऊन नव्हतं, वहिनी. सकाळपासून आभाळ भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम ट्रामने तुझ्याकडे आले आणि पुन्हा विषय काढला. लायसन्सवाल्यांना खरंच कळवलंस का, म्हणून विचारलं. तू चहाचं आधण उतरवलंस, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "आधी स्वतः गाडी शिका, वन्सं. मग मला शिकवा." तू मला पहिल्या दिवसापासून कुंदाच म्हणायचीस. 'वन्सं' फक्त रागाने.

त्याच आठवड्यात निखिल केंब्रिजहून लेकीला, मीराला, घेऊन आला. तुझ्या गाडीचा डावा आरसा फुटलेला आणि दारावर लांब ओरखडा, हे त्याने येतानाच बघितलं होतं. जेवताना म्हणाला, "आई, तू ड्राइव्ह करतो ते आता सेफ नाही." त्याचं मराठी असं आहे, त्याला आपण सगळे हसतो, तेव्हा कुणी हसलं नाही. तू म्हणालीस, "मी गाडी चालवत होते तेव्हा तू मागे बेबी सीटमध्ये होतास." त्याने तुझ्या हातची आमटी दोनदा घेतली, पुन्हा विषय काढला नाही, आणि संध्याकाळी निघून गेला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत लायब्ररीच्या स्टाफरूममध्ये बसून मी लायसन्सच्या ऑफिसला पत्र लिहिलं. तुझं नाव, पत्ता, गाडीचा नंबर, डोळ्यांचं दुखणं, क्रॉसिंगवरचा प्रसंग. खाली माझी सही केली आणि सहीखाली लिहिलं की, माझं नाव कृपया कळवू नये. ते पत्र मी त्या पुशचेअरमधल्या बाळासाठी लिहिलं, की 'आधी स्वतः गाडी शिका' या वाक्यासाठी, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. बाळासाठी, असं म्हणावंसं वाटतं. पण पत्र पेटीत टाकताना माझ्या मनात जे होतं त्यात थोडा राग होता, हे मला आठवतं.

मग तुला फॉर्म आला, तपासणीची तारीख आली. त्या यंत्रात डोकं ठेवून, दिवा दिसला की बटण दाबायचं. तू म्हणालीस, बराच वेळ दिवा लागलाच नाही, मशीन बिघडलं असेल. एप्रिलमध्ये लायसन्स गेलं. तू पहिला फोन मला केलास. मी आले तेव्हा तू स्वयंपाकघरात कागद समोर ठेवून बसली होतीस, आणि मी कोट काढायच्या आत म्हणालीस, "निखिलने केलं हे."

"कशावरून?"

"त्याच्याशिवाय माहीत कुणाला आहे?"

वहिनी, त्या क्षणी माझ्या तोंडात शब्द होते. मला माहीत आहे, होते. पण तू इतकी लहान दिसत होतीस त्या खुर्चीत. मी म्हटलं, "तो असं करणार नाही." तू म्हणालीस, "तू त्याचीच बाजू घेणार. शाळेतून आल्यावर त्याला खाऊ घालून वाढवलंस ना." आणि माझ्यासमोरच त्याला फोन लावलास. त्याने नाही म्हणून सांगितलं. त्याच्या त्या 'नाही'त तुला काहीतरी ऐकू आलं. तू फोन ठेवलास. त्यानंतर तू त्याच्याशी बोलली नाहीस.

मी ठरवलं होतं, आठवडाभर जाऊ द्यावा, तुझा राग निवू द्यावा, मग सांगावं. आठवड्याचा महिना झाला. महिन्यानंतर सांगायचं तर एक महिना गप्प का होतीस, हेही सांगावं लागलं असतं. असं ते वाढत गेलं. निखिल दर रविवारी मला फोन करायचा. "आत्या, तिला सांग ना, मी नाही केला." मी म्हणायचे, सांगते. आणि खरंच तुला सांगायचे, "तो म्हणतो, त्याने नाही केलं." शब्द न् शब्द खरा. इतकं खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नाही.

त्या वर्षीच्या मेमध्ये तू पोर्तुगालला जाणार होतीस. दादाची ती जुनी इच्छा होती, रिटायर झाल्यावर लिस्बनला उतरून गाडी घ्यायची आणि समुद्राकडे पाठ करून आतल्या गावांत हिंडायचं. तो रिटायर व्हायच्या आदल्या वर्षी गेला. तू एवढ्या वर्षांनी जायचं ठरवलंस, मला सोबत घेतलंस, गाडीसुद्धा ठरवलीस. लायसन्स गेल्यावर सगळं रद्द केलंस. मी म्हटलं, पुढच्या वर्षी जाऊ, गाडीवाचून जाऊ.

"गाडीवाचून काय बघणार? लिस्बनमधल्या रांगा?"

"मी शोधते गाव. जिथे रांगा नाहीत आणि स्टेशन आहे असं."

मी हे का म्हटलं, ते तुला कळलं नाही. तू मंडळात सगळ्यांना सांगत सुटलीस, "कुंदा बघा, माझ्यासाठी किती करते." मी मान खाली घालून लाडू वळत बसायचे.

तो हिवाळा मला विसरता येणार नाही, आणि सांगायला लाज वाटते, पण तो सुखाचा होता. दर गुरुवारी लायब्ररी बंद झाली की मी दोन गाइडबुकं आणि युरोपातल्या गाड्यांचं जाड वेळापत्रक पिशवीत घालून तुझ्याकडे यायचे. तू अक्षरांवर भिंग धरायचीस, मी नकाशा पसरायचे. तुझ्या अटी पक्क्या होत्या. एकापेक्षा जास्त वेळा गाडी बदलायची नाही. स्टेशनातून पायी हॉटेल गाठता यायला हवं. बसभर माणसं उतरवून तासाभरात उचलून नेतात असं गाव नको. आणि दादाच्या इच्छेप्रमाणे समुद्र नको.

सिंत्रा तू वाचायच्या आधीच उडवलंस. एव्होरा मला आवडलं होतं, पण चौकाच्या फोटोत मागे तीन कोच उभे दिसले आणि तू भिंगावर बोट आपटलंस. टाव्हिराला रेल्वे होती, पूल सुंदर होता. तू म्हणालीस, "तिथे ऊन खायला आपल्या क्रॉयडनचीच माणसं आलेली असणार. समोरची मार्गारेट भेटली तर काय करू?" एल्व्हासचं स्टेशन गावापासून लांब निघालं. हे मला आधी माहीत नव्हतं, की तिकडे कितीतरी स्टेशनांना गावाचं नाव असतं, पण गाव त्यांच्यापाशी नसतं.

यावरूनच आपलं मार्व्हावचं भांडण झालं. डोंगराच्या टोकावर तटबंदीतलं पांढरं गाव, खाली सगळा मुलूख, आणि वेळापत्रकात त्या नावाचं स्टेशन. तू हरखलीस. मी तीन पुस्तकं उलटीपालटी करून सांगितलं की स्टेशन पायथ्याला, पार लांब, आणि वर जायला बसचा भरवसा नाही. "टॅक्सी असेल," तू म्हणालीस. "तिथे दिवसातून एखादी गाडी थांबते, टॅक्सीवाला कशाला उभा राहील?" "फोन करायचा." "कुठल्या भाषेत?" तू भिंग खाली ठेवलंस. "गाडी असती तर वीस मिनिटांचा रस्ता आहे," असं म्हणून खिडकीतून तुझ्या उभ्या गाडीकडे बघितलंस. मी नकाशाची घडी घातली. नंतरही तू तो हट्ट सोडला नाहीस. विमानात म्हणालीस, टॅक्सी मिळाली असती. मी अजूनही म्हणते, मिळाली नसती.

कास्तेलो ब्रांको मला सापडलं ते एका पुस्तकाच्या अर्ध्या परिच्छेदात. लेखकाने लिहिलं होतं की बागेखेरीज इथे थांबण्यासारखं फारसं काही नाही. तू म्हणालीस, "फारसं काही नाही म्हणतो? मग हेच." लिस्बनहून सरळ गाडी, बदलायची नाही. स्टेशनासमोरून झाडांचा रस्ता सरळ गावात जातो. नकाशावर मी दोऱ्याने अंतर मोजून दाखवलं.

गेल्या मेमध्ये आपण गेलो. आगगाडीत मी तुला उजव्या खिडकीशी बसवलं, कारण नदी उजव्या हाताला येणार होती. तासाभराने टेगस आली. लाईन अगदी काठाने जाते, पाणी हिरवं, पलीकडे नुसते खडक आणि झुडपं, मैलोन् मैल घर नाही. तू कपाळ काचेला टेकवून बसलीस. बऱ्याच वेळाने म्हणालीस, "मला इकडे मुद्दाम बसवलंस ना? डाव्या बाजूचं दिसत नाही म्हणून."

मी म्हटलं, "नदी इकडे आहे म्हणून."

"दिसत नव्हतं, कुंदा. त्या क्रॉसिंगवरसुद्धा. पुशचेअर होती ना? मला ती मुलगी बॉनेटसमोर आली तेव्हाच दिसली. मग रोज गाडीत बसताना वाटायचं, आजचा एक दिवस जाऊ दे." काचेवर तुझ्या श्वासाची वाफ धरली होती. "लायसन्स गेलं ते बरंच झालं. कुणाला सांगू नकोस मी असं म्हटलं."

मी तुझा हात धरला. तुला वाटलं, धीर द्यायला.

पाच दिवस आपण त्या गावात होतो. हॉटेलात दुसरी परदेशी माणसं नव्हती. सकाळी बाजारात पहिल्या चेऱ्या आल्या होत्या. तुला कागदाच्या पुडीत बांधून देणारी म्हातारी तुझ्याशी पोर्तुगीजमध्ये बोलायची, तू तिच्याशी मराठीत, आणि तुमचं दोघींचं नीट चाले. सूप, पाव आणि चीज यांवर आपण दिवस काढले. किल्ला पडका होता. रस्ते साधे, माणसं आपापल्या कामाला जाणारी. तू म्हणालीस, "तुझ्या दादांना हे आवडलं असतं. इथे आपल्याला कुणी पाहुणे समजत नाही." फुटपाथच्या कडा तुला दिसत नव्हत्या, म्हणून मी डाव्या बाजूने चालायचे. गाडीत बसायचे तशी.

तिसऱ्या दिवशी बागेत गेलो. बिशपची जुनी बाग, कापलेली झुडपं, कारंजी, आणि एका जिन्याच्या दोन्ही कठड्यांवर ओळीने पोर्तुगालच्या राजांचे पुतळे. त्यांत दोनतीन पुतळे मध्येच बुटके. ते पोर्तुगालवर राज्य केलेल्या स्पेनच्या राजांचे, तो राग काढायला मुद्दाम लहान केले, हे मी तुला पुस्तकातून वाचून दाखवलं. तू इतकी हसलीस की कठडा धरावा लागला.

"सासरच्या माणसांचे पुतळे मी असेच केले असते," म्हणालीस. मग नणंदेसमोर बोललो हे लक्षात आल्यासारखं माझ्या दंडाला धरलंस. "तुझा नाही गं. तुझा पुरुषभर उंच केला असता."

मला तिथे थांबायला हवं होतं. मी विचारलं, "आणि निखिलचा?"

"त्याचा केलाच नसता."

मी म्हटलं, "तूच म्हणालीस ना, लायसन्स गेलं ते बरं झालं. मग अजून एवढा राग कशाचा?"

"लायसन्सचा नाही. माझ्यासमोर बसून माझ्या हातची आमटी जेवला आणि मागून जाऊन लिहिलं. समोर बोलायचं होतं. मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते, मग ऐकलं असतं. मला तेवढीही किंमत दिली नाही."

मी म्हटलं, "वहिनी."

तू वळलीस. बाजूचं दिसत नसल्यामुळे आताशा तू बोलणाऱ्याकडे सगळा चेहरा वळवायचीस. तुझ्या ओठाला चेरीचा डाग होता. "काय गं?"

मी म्हटलं, "पुढे पायरी आहे."

पायरी होती. पण मी ते सांगायला हाक मारली नव्हती.

परत येण्याच्या आदल्या दिवशी तू एका दुकानातून कापडाचा तुकडा घेतलास, तिथल्या रेशमी भरतकामाचा, त्यावर एक पक्षी. इथे आल्यावर माझ्याकडे देऊन म्हणालीस, "मीराच्या वाढदिवसाला पाठव. तुझ्या नावाने." मी पाठवला, माझ्या नावाने. तू सांगितलंस तसंच केलं. आता वाटतं, तुझं मन वळायला लागलं होतं. अजून थोडे दिवस मिळते तर तूच फोन उचलला असतास. किंवा नसतास. तुझं काही सांगता यायचं नाही.

ऑगस्टमध्ये एका सकाळी मार्गारेटला तुझ्या दारात दूध तसंच पडलेलं दिसलं. मेंदूतला झटका. हॉस्पिटलात दोन दिवस होतीस, डोळे उघडले नाहीस. निखिल केंब्रिजहून आला तो थेट पलंगाशी. तुझा हात दोन्ही हातांत घेऊन, कानाशी तोंड नेऊन एकच सांगत होता, "आई, मी नव्हता. खरंच मी नव्हता." छत्तीस वर्षांचा माणूस, मुलीचा बाप. मी पडद्याच्या अलीकडे उभी होते. मी बोलले असते तर ते तुझ्यापर्यंत पोचलं असतं की नाही, कोण जाणे. त्याच्यापर्यंत पोचलं असतं. मी पडद्याची कड धरून उभी राहिले. या सगळ्यात मला स्वतःची सगळ्यात जास्त किळस येते ती त्या उभ्या राहण्याची.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघंच तुझ्या घरी होतो. तो फ्रिज रिकामा करत होता. थेंबांची बाटली त्याच्या हातात आली आणि तो तिच्याकडे बघत थांबला. मी सांगितलं. प्रस्तावना केली नाही. "निखिल, ते पत्र मी लिहिलं होतं."

त्याने बाटली टेबलावर ठेवली. "तू?"

"हो."

"सोळा महिने, आत्या. मी दर संडेला तुला फोन करत होतो."

"हो."

तो खुर्चीत बसला. तिथेच, जिथे तू तो कागद घेऊन बसली होतीस. म्हणाला, "मी पण लेटर लिहिला होता. टाईप केला, प्रिंट केला. पोस्ट नाही केला. ती फोनवर विचारली तेव्हा मी नाही म्हटला, पण मला माझाच आवाज खोटा वाटला. मला वाटला तिला ते कळला. मला वाटला, मी डिझर्व्ह करतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण तुला माहीत होता."

मी त्याच्यासाठी डब्यात भरून ठेवलेला वरणभात त्याने नेला नाही. त्यानंतरचे तीन रविवार फोन वाजला नाही. मी वाट बघितली नाही असं म्हणणार नाही.

त्याच तीन आठवड्यांत मंडळाचा फोन आला. मी त्यांना कळवलं आहे की लेख मी देऊ शकत नाही, दुसऱ्या कुणाला सांगा. त्यांना वाटलं, अजून दुःख ताजं आहे.

परवा रविवारी दुपारी निखिलचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही. म्हणाला, "गार्डनमध्ये ती काय बोलली, सगळा सांग. काही स्किप करू नको."

मी सांगितलं. नदी, क्रॉसिंग, पुतळे. 'त्याचा केलाच नसता' हेही सांगितलं, गोड करून सांगितलं नाही. आमटीचं सांगितलं. मी मारलेली हाक आणि ती पायरी, तेही सांगितलं. शेवटी सांगितलं की मीराचा पक्षी माझ्याकडून नव्हता. मग त्याने विचारलं, "परत तसा झाला तर तू तो लेटर पाठवशील?"

खोटं बोलायची मला आता ताकद नाही, वहिनी. तुझ्याशीही नाही. मी म्हटलं, "पाठवीन. ते बाळ माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण आधी तुझ्या आईला वाचून दाखवीन."

"ती फाडला असता."

"फाडलं असतं. मी दुसरं लिहिलं असतं. तेही वाचून दाखवलं असतं."

त्याच्या घरात मागे कुठेतरी मीरा पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होती आणि दर वेळी त्याच जागी चुकत होती. मी फोन ठेवला नाही. त्यानेही ठेवला नाही.